रंगकामानंतरची दहा मिनिटे

वाघोलीत राहणाऱ्यांना आकाशातला गडगडाट ओळखता येतो. ढगांचा कोणता आणि लोहगावहून उठलेल्या सुखोई विमानाचा कोणता, हे आमच्या घरात दादीसुद्धा खिडकीपाशी न जाता सांगतात. सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान हवाई दलाने २७ सप्टेंबर २००२ रोजी लोहगावच्या तळावरच सेवेत घेतले. आमचा धाकटा त्यानंतर जन्मला. त्याने हे विमान पाहिले नाही असा काळ त्याला ठाऊकच नाही.

तेव्हा त्याने पहिले मोठे मॉडेल निवडले ते सुखोईचे, यात नवल नव्हते. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे, म्हणजे साधारण एक फूट लांबीचे. प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. हा नाद त्याला शाळेत असताना कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून लागला. १९९८ पासून पुण्यातली मुले तिथे जातात, हाताएवढ्या आगगाड्या पाहतात आणि घरी येऊन पुठ्ठ्याचे डबे बनवतात. आमच्याकडे पुठ्ठ्यावरून गाडी प्लॅस्टिकवर आली, एवढाच फरक.

आम्ही दोघांनी या छंदाला कधी हरकत घेतली नाही. मूल मोबाईलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा दोन तास कानस घेऊन बसलेले बरे, असेच आम्हाला वाटे. पण कुंचल्याने रंगवलेल्या विमानावर कुंचल्याच्या रेघा दिसत. एवढ्या लहान वस्तूवर रंगाचा थर जरा जाड झाला की पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा बुजून जातात. म्हणून त्याने दोन ईदची ईदी साठवून एक स्वस्तातला एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर घेतला. अकरावीच्या अभ्यासाचे काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "फक्त रविवारी."

तो एअरब्रश जेमतेम सहा रविवार चालला.

बिघडले कसे

त्या रविवारी राखाडी रंगाचे काम अर्धे झाले होते आणि पाहुणे आले. त्याने एअरब्रश तसाच टेबलावर ठेवला, वाटीत रंग तसाच. पाहुणे जाईपर्यंत इशाची वेळ झाली, मग जेवण, मग झोप. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर त्याने खटका दाबला, तर हवा येई पण रंग येईना. उलट वाटीत बुडबुडे उठू लागले. त्याने टाचणी घेतली आणि पुढच्या छिद्रात घालून टोचली. टाचणी आत गेली, वाळलेला रंगही निघाला, पण त्यानंतर फवारा सरळ जायचा तो तिरका जाऊ लागला आणि कागदावर थेंबांची रांगोळी पडू लागली.

घरात त्या संध्याकाळी जे व्हायचे ते झाले. पैसे वाया गेले, अभ्यासही गेला, आता हे सगळे विकून टाक, असे आम्ही बोलून गेलो. मुलगा काही बोलला नाही. त्याने कॉम्प्रेसर खोक्यात भरला आणि अर्धवट रंगलेले विमान कपाटावर ठेवून दिले. महिनाभर ते तिथेच होते. दादी धूळ झटकताना त्याच्याकडे पाहत आणि आमच्याकडेही पाहत.

विकायला निघालेला तो एअरब्रश शेवटी पोहोचला मामूंकडे. मामू म्हणजे मुलाच्या अम्मीचे थोरले भाऊ. नगर रोडवर त्यांचे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे छोटे गॅरेज आहे आणि तीस वर्षे त्यांच्या हातात स्प्रे गन आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग लावून पुढचे टोक पाहिले आणि विचारले, "टाचणी घातलीस ना?"

मुलगा गप्प.

"नोझल चिरलंय. ते नवीन मिळेल, ती मोठी गोष्ट नाही. पण तू रंग किती वेळ मारला होतास?"

"अर्धा तास."

"आणि धुतलास किती वेळ?"

यालाही उत्तर नव्हते. मामू म्हणाले, "बेटा, काम करून कुठलीच गन मरत नाही. काम झाल्यावर तशीच टाकली की मरते. अर्धा तास रंग, तर दहा मिनिटं सफाई. एवढा हिशोब जमत असेल तर ठेव, नाहीतर अब्बा म्हणतात तसं विकून टाक."

पुढचे तीन रविवार तो गॅरेजवर गेला. तिथे शिकून आलेले त्याने घरी वहीत उतरवले आणि आमच्यासमोर करून दाखवले. ज्या घरांत मुलांना असा छंद आहे, किंवा केक सजवायला, मेंदीचे नमुने उठवायला असा ब्रश घेतला आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते इथे देत आहोत. केकसाठी वापरायचा ब्रश मात्र पूर्ण वेगळा ठेवावा. रंगाचा ब्रश कितीही धुतला तरी खाण्याच्या वस्तूसाठी वापरू नये.

आत आहे तरी काय

एअरब्रश ही तशी जुनी वस्तू. अमेरिकेत १८७० च्या दशकात हवेने रंग उडवणारी अशी साधने तयार होऊ लागली. पुढे छायाचित्रांवर हात फिरवणाऱ्या स्टुडिओंमध्ये आणि जाहिरातींच्या कामात ती रुळली. मराठी घरांनीही त्याचे काम पाहिलेले आहे. चित्रकार रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांनी काढलेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे एकेकाळी घरोघर होती. रंगाची एक छटा दुसरीत कुठे मिसळली ते कळू नये, अशी जी मऊ झाक त्या चित्रांत दिसते, ती रंगाच्या फवाऱ्याची करामत.

त्याची रचना समजली की सफाई आपोआप समजते. वर एक वाटी, तिच्यात रंग. आत लांब सुई, मागून पुढपर्यंत. पुढच्या टोकाला नोझल, म्हणजे शंकूसारखी बारीक नळी. सुई पुढे असते तेव्हा तिचे टोक नोझलचे भोक बंद करते. खटका खाली दाबला की हवा सुटते. तोच खटका मागे ओढला की सुई मागे सरकते, भोक उघडते आणि हवेच्या ओढीने रंग बाहेर येऊन त्याचे तुषार होतात. जितके मागे ओढावे तितका रंग जास्त.

नेहमीच्या ब्रशचे नोझल ०.३ मिलिमीटरचे असते. म्हणजे माणसाचे तीन-चार केस एकत्र धरले की जेवढी जाडी होईल, तेवढे ते भोक. त्यात वाळलेल्या रंगाचा एक कण अडकला तरी काम थांबते. नोझलचा धातू इतका पातळ असतो की टाचणी सोडाच, सुई जोराने पुढे ढकलली तरी टोक फुलासारखे उमलते. आमच्याकडे नेमके तेच झाले होते.

रोजची दहा मिनिटे

खटक्याची सवय आधी लावावी. सुरू करताना आधी हवा, मग रंग. थांबवताना आधी रंग बंद, मग हवा. हवा आधी बंद केली तर रंगाचा एक थेंब टोकावर राहतो आणि तिथेच वाळतो.

काम संपले की पहिल्यांदा वाटीतला उरलेला रंग वेगळ्या बाटलीत काढावा. पातळ केलेला रंग मूळ बाटलीत परत ओतू नये. वाटी टिश्यू पेपरने पुसून घ्यावी. मग तिच्यात पाण्याचे किंवा त्या रंगाच्या क्लीनरचे दहा-पंधरा थेंब टाकावेत, जुन्या मऊ कुंचल्याने वाटीचा तळ आणि कडा घासाव्यात आणि ते पाणी एखाद्या बरणीत किंवा जाड कापडावर फवारून टाकावे. असे दोन-तीनदा केले की फवारा रंगहीन येऊ लागतो.

इथेच बहुतेक जण थांबतात. फवारा स्वच्छ दिसला म्हणजे आतला भाग स्वच्छ झाला असे नव्हे. म्हणून वाटीत थोडे क्लीनर घ्यावे, पुढच्या टोकावर दुमडलेले कापड हलकेच दाबावे आणि खटका अगदी थोडा ओढावा. हवा बाहेर जाऊ न शकल्याने मागे वळते आणि वाटीत बुडबुडे येतात. या उलट्या हवेने नोझलमागे चिकटलेला रंग सुटून वर येतो. वाटी काठोकाठ भरलेली असेल तर तो चेहऱ्यावरही येतो, हे आमच्या धाकट्याने स्वतः शोधून काढले. वाटी पाव भरलेली ठेवावी आणि झाकण लावावे.

त्यानंतर सुई. मागची टोपी काढून सुई धरणारा नट सैल करावा आणि सुई सावकाश मागे ओढून काढावी. ती ओल्या टिश्यूत धरून गोल फिरवत पुसावी, पण नेहमी जाडीकडून टोकाकडे. टोकाकडून मागे पुसायला गेलात तर टोक कापडात अडकून वाकते आणि बोटालाही लागते. पुसलेली सुई परत घालताना ती नोझलला टेकली एवढे जाणवले की थांबावे. दाबू नये. मग नट घट्ट करावा.

शेवटी क्लीनरचे चार थेंब घालून एकदा फवारावे, मग नुसती हवा सोडावी. टोकावरची टोपी लावावी आणि ब्रश स्टँडवर ठेवावा. टेबलावर आडवा ठेवला तर घरंगळतो, आणि खाली पडला की बहुतेक वेळा सुईच वाकते.

हे सगळे लिहायला वेळ लागला. हाताला वळण पडले की दहा मिनिटे पुरतात. घाईच्या वेळी, पाहुणे आले, लाइट गेली, अजान झाली, तर निदान वाटी रिकामी करून पाणी फवारून जावे. त्याला एक मिनिट लागते. आमच्याकडे त्या रविवारी तेवढे एक मिनिट दिले असते तर नोझल वाचले असते.

रंग कोणता, पाणी कोणते

सगळ्या रंगांना एकच औषध चालत नाही. पाण्यात विरघळणारे ऍक्रेलिक रंग ओले असताना साध्या पाण्याने जातात, वाळल्यावर जात नाहीत. तामियासारख्या कंपनीचे ऍक्रेलिक अल्कोहोलच्या जातीचे असतात, त्यांना त्यांचे स्वतःचे थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. लॅकर रंगांना लॅकर थिनर. पाण्याचा रंग वाटीत असताना थेट अल्कोहोल किंवा थिनर ओतले तर दूध फाटावे तसा रंग फाटू शकतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्याच गुठळ्या नोझलमध्ये जाऊन बसतात. म्हणून आधी पाणी, रंग निघून गेल्यावर मग तीव्र क्लीनर.

अल्कोहोल हे नाव ऐकून दादींनी भुवया उंचावल्या होत्या. आयसोप्रोपिल हे पिण्याचे मद्य नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट पुसायला आणि दवाखान्यात कातडी पुसायला जे वापरतात ते हे. पोटात गेले तर ते विषारी आहे, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ती लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. नमाजच्या कपड्यांवर उडाले तर काय, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी तो आपल्या आलिमांना विचारावा. आम्ही कामासाठी जुना शर्टच वेगळा ठेवला आहे.

आता वाघोलीची गोष्ट. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत आली, पण अनेक सोसायट्यांत अजूनही पाणी टँकरचे आणि बोअरचे. हे पाणी जड असते. नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच थर ब्रशच्या आतही बसतो. धुण्यासाठी आणि रंग पातळ करण्यासाठी घरच्या फिल्टरचे पाणी घ्यावे, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणावे. एक कॅन महिनोन्महिने पुरतो.

दुसरी गोष्ट धुळीची. एका बाजूला दगडाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला बांधकामे, मधून डंपर. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा राखाडी होते. ही धूळ रंगात पडली तर नोझल अडते आणि मॉडेलवर बसली तर रंगाखाली खरखर राहते. रंग वाटीत घेण्याआधी नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळून घ्यावा. स्वयंपाकघरातली चहाची गाळणी घेऊ नये, घेतली तर ती परत करू नये.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि नळीत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. जुलै-ऑगस्टमध्ये हे पाणी थेंबाच्या रूपाने रंगाबरोबर बाहेर येते आणि केलेले काम बिघडते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी असते. तिच्या बुडाची कळ दाबून काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पाणी काढून टाकावे.

महिन्यातून एकदा

चार-पाच वेळा काम झाले की ब्रश पूर्ण खोलावा. आधी हवेची नळी काढावी. टेबलावर पांढरे कापड पसरावे आणि एक ताट घ्यावे. बेसिनवर उभे राहून हे काम करू नये. नोझल तांदळाच्या दाण्याएवढे असते आणि ते जाळीतून गेले की गेले.

क्रम असा: खोलताना सुई सर्वांत आधी काढायची, मग पुढची टोपी, मग नोझल. जोडताना नोझल आधी, मग टोपी, सुई सर्वांत शेवटी. सुई आत असताना नोझल काढायला गेलात तर दोन्हींना इजा होते. नोझल बसवताना सोबत मिळणाऱ्या छोट्या पान्याने हलके टेकेपर्यंतच फिरवावे. त्याचे आटे केसासारखे बारीक असतात, जोर दिला तर तुटून आतच राहतात.

सुटे नोझल पंधरा-वीस मिनिटे क्लीनरमध्ये ठेवावे आणि नायलॉनच्या अगदी बारीक ब्रशने मागच्या बाजूने साफ करावे. वाटीपासून पुढे जाणारा मार्ग घासायला औषधाच्या दुकानात मिळणारा, दातांच्या फटी साफ करायचा छोटा ब्रश उत्तम. पूर्ण एअरब्रश मात्र थिनरमध्ये बुडवून ठेवू नये. आतल्या रबरी रिंगा फुगतात, आणि खालच्या हवेच्या व्हॉल्व्हमध्ये थिनर गेले की तो अडकू लागतो. काच पुसायच्या ज्या द्रवात अमोनिया असतो, त्यातही भाग रात्रभर ठेवू नयेत, आतल्या पितळेला तो खातो.

तेलाबद्दल मामूंनी मुलाला विशेष सांगितले, कारण त्याने शिलाई मशीनचे तेल सुईला लावले होते. तेलाचा अंश रंगात आला की पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. रंग जिथून जातो तिथे तेल नाही. सुईच्या मागच्या भागाला लावायचेच तर ग्लिसरीनचा अर्धा थेंब पुरे.

ब्रश काय सांगतो

बिघाड ओळखायला मुलाने वहीत केलेली यादी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली.

साधे काम करताना वाटीत बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेले नाही, चिरलेले आहे, किंवा पुढची टोपी सैल आहे. रंग थेंबाथेंबाने उडत असेल तर टोकावर रंग वाळला आहे, रंग जाड आहे किंवा हवेचा दाब कमी आहे. पातळ ऍक्रेलिकला साधारण १५ ते २० पीएसआय पुरतात, आणि वाळलेले टोक क्लीनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने मधूनमधून पुसावे. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचे टोक वाकले आहे. ती नखावर हलकेच ओढून पाहिली तर अडकते. थोडेसेच वाकले असेल तर काचेवर ठेवून गोल फिरवत सरळ करता येते, जास्त असेल तर नवीन घ्यावी. खटका मागे ओढून सोडल्यावर पुढे येत नसेल तर रंग मागे झिरपून सुईवर वाळला आहे. खटका ओढूनही काहीच रंग येत नसेल, तर सगळे खोलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: सुई धरणारा नट सैल आहे का, आणि वाटीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले आहे का. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो.

आणि रंगणाऱ्याची सफाई

तिसऱ्या रविवारी मामूंनी शिकवणी एका वेगळ्याच ठिकाणी आणली. काम संपल्यावर ते खोकत होते. तो खोकला आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो की आम्हाला तो ऐकू येईनासा झाला होता. धाकट्याने सरळ विचारले, "मामू, तुम्ही मास्क का नाही घालत?"

मामू म्हणाले, "आमच्या उस्तादांनी घातला नाही, म्हणून आम्ही घातला नाही. नाकाला रुमाल बांधला की झालं." मग थोडे थांबून म्हणाले, "गन रोज धुतली. छाती धुवायची विसरलो."

गाड्यांच्या चकाकणाऱ्या रंगात जो हार्डनर घालतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या तुषारांमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की अगदी थोडा संपर्कही त्रास देतो. हे मामूंना डॉक्टरांनी सांगितले तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या इनहेलरचा निळा डबा आता गॅरेजच्या कपाटात रंगाच्या डब्यांशेजारी असतो.

छंदाचे रंग इतके घातक नसतात, पण हवेत उडवलेला कोणताही रंग श्वासात घेण्याजोगा नाही. पाण्याच्या रंगांसाठी एन-९५ मास्क तुषार अडवतो. थिनर किंवा लॅकर असेल तर त्याची वाफ या मास्कमधून आत येते. तिथे कोळशाचे कार्ट्रिज असलेला रबरी मास्कच हवा. हार्डनरचे रंग घरात वापरूच नयेत. खिडकी उघडी, पंखा हवा बाहेर फेकणारा, आणि खोलीत दमेकरी, गरोदर बाई किंवा तान्हे मूल नको. आमच्याकडे आता बाल्कनीत काम होते. जवळ गॅसची शेगडी, उदबत्ती किंवा लोबान पेटलेले नको, थिनरची वाफ लगेच पेट घेते. वापरलेले थिनर बेसिनमध्ये ओतू नये. आमचा धाकटा ते बंद डब्यात साठवतो आणि गॅरेजमधल्या टाकाऊ थिनरच्या पिंपात नेऊन देतो.

हातमोजेही वापरावेत. नखांवर आणि बोटांवर रंगाचा थर वाळून राहिला तर वुजूचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. मग नमाजच्या वेळेला मूल थिनरने नखे खरवडत बसते आणि कातडी सोलून घेते. दोन रुपयांचा हातमोजा हा सगळा त्रास वाचवतो.

कपाटावरून खाली

नवे नोझल आले, ब्रश पुन्हा चालू झाला आणि विमान कपाटावरून खाली उतरले. त्याचा एक पंख जुन्या राखाडीत आणि दुसरा नव्या राखाडीत आहे, कारण महिन्याभरात बाटलीतला रंग दाटला आणि छटा तंतोतंत जुळली नाही. नीट पाहिले तर दिसते. त्याने पुन्हा रंगवले नाही.

आम्हीही त्या महिन्यात काही शिकलो. मूल वस्तू बिघडवते तेव्हा विकून टाक म्हणणे सर्वांत सोपे असते. ती दुरुस्त कशी होते हे माहीत असलेला माणूस आपल्याच नात्यात, दोन किलोमीटरवर होता, आणि त्याच्याकडे जायला आम्हाला महिना लागला. मामूंच्या हातातल्या कौशल्याकडे आम्ही आजवर फक्त गाडीला पोचारा पडला की वळत होतो.

अभ्यासाचे म्हणाल तर फक्त रविवारी हा करार कायम आहे. त्यात एक कलम वाढले आहे: अर्धा तास रंग, दहा मिनिटे सफाई, आणि ती झाल्याशिवाय जेवायला उठायचे नाही. पाहुणे आले तरी. पाहुण्यांना आम्ही चहा देतो, तेवढ्यात होते.

या ईदला त्याने ईदीतून काय घेतले ते आम्हाला नंतर कळले. नवे मॉडेल नव्हते, कार्ट्रिजचा मास्क होता, आणि तोही मोठ्या मापाचा. तो गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. मामू तो घालतात का? निम्म्या वेळा. पण गॅरेजमध्ये काम शिकणारे जे दोन पोरगे आहेत, त्यांना मामू आता मास्क लावल्याशिवाय गनला हात लावू देत नाहीत.